ढब्बूचं पिल्लू

चौथा स्क्रू काही केल्या हलेना. मालिनीने स्क्रूड्रायव्हर दोन्ही मुठींत धरला, खुर्चीतून अर्धवट उठून त्यावर अंगाचा भार टाकला आणि पिळला. टोक खाचेतून सटकलं आणि पत्र्यावर लांब पांढरा ओरखडा उमटला. बाकीचे तीन स्क्रू वाटीत पडले होते. हा मात्र खाऱ्या हवेने गंजून पत्र्याशी एकजीव झाला होता.

परशुराम शेजारच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, पालथा. त्यांनी स्क्रूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ दोन-तीनदा नुसतेच हलले.

"उदबत्ती," ते म्हणाले.

मालिनी थांबली. काम अडलंय तर देवापुढे उदबत्ती लाव, असं म्हणत असावेत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं. देवाचं सगळं तिच्याकडे आणि विजेचं सगळं त्यांच्याकडे, अशी वाटणी पहिल्यापासून होती. पण पक्षाघाताचा झटका आल्यावर माणूस बदलतो, असं येणारेजाणारे सांगून गेले होते. ती उठली, देवघरात उदबत्ती लावली आणि तिचा वास घेऊनच परत आली.

परशुरामांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. "उदबत्ती," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी बोट खालच्या खणाकडे गेलं.

खणात वायरींची भेंडोळी होती, पक्कड होती आणि डाख लावायची, म्हणजे सोल्डरिंगची, लाकडी मुठीची सळई होती. सळईचं टोक काळं पडलेलं. मालिनीने ती बाहेर काढली. परशुरामांनी तिच्या टोकावरून बोट वर वर नेलं, धूर जातो तसं. मग स्क्रूवर टेकवलं.

तिने सळई तापवली आणि स्क्रूच्या डोक्यावर धरून ठेवली. जळक्या गंजाचा वास आला. पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला, तेव्हा आतून करकर ऐकू आली आणि स्क्रू फिरला.

"ही होय तुमची उदबत्ती," ती म्हणाली.

परशुरामांनी डोळे मिटले आणि उघडले. आता त्यांचा होकार असाच असे.

डबा उघडला. आत जाळी, धूळ, पालीची वाळकी अंडी आणि रंगीत वायरींचा गुंता होता. घरातली वीज घेऊन ती संगणकाला पचेल अशी बारीक आणि सारखी करून द्यायची, एवढंच या डब्याचं काम. ते त्याने श्रावणात सोडलं होतं. संगणक स्वतः चाळिशीला टेकलेला. पत्र्याचा, शेगडीएवढा रुंद, उजव्या कुशीला मागे लाल खटका असलेला. अलोऱ्याच्या सरकारी वसाहतीत असताना ऑफिसने भंगारात काढला, तेव्हा परशुरामांनी तो घरी आणला आणि जिवंत केला. सलिल, त्यांचा मुलगा, त्याच्यावरच पहिल्यांदा काहीबाही लिहायला शिकला. नोकरी संपवून ते दोघं रत्नागिरीला, नाचणे भागातल्या घरात आले, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये तो पुढे ड्रायव्हरशेजारी ठेवला होता आणि मालिनीचं शिवणयंत्र मागे.

श्रावणात तो बंद पडला. परशुरामांनी वरचं झाकण काढलं, खटका दाबून पाहिला आणि पॉवर सप्लाय गेलाय, बघतो सवडीने, असं म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला. पाय हळूहळू सुधारला. शब्द मात्र गेले ते गेलेच. म्हणजे पूर्ण गेले नव्हते. डॉक्टरांनी समजावलं होतं की त्यांना सगळं कळतं, फक्त ज्या फडताळात जे ठेवलं होतं ते तिथे सापडत नाही. चहा म्हणायला जात आणि तोंडातून निघे चप्पल.

नम्रता नावाची मुलगी बोलण्याचा व्यायाम द्यायला घरी येई. तिच्याजवळ चित्रांची कार्डं होती. कप, कावळा, छत्री. एका दुपारी कावळ्याचं कार्ड समोर आलं आणि परशुरामांनी डाव्या हाताने सगळा गठ्ठा जमिनीवर लोटला. नम्रताने कार्डं शांतपणे वेचली. जाताना दारात तिने मालिनीला विचारलं, काका आधी कशाबद्दल बोलायचे?

 ते बोलायचे नाहीतच फारसे. ते दुरुस्त करायचे. रेडिओ, मिक्सर, शेजाऱ्यांचे पंखे, बागायतदारांच्या फवारणीच्या पंपांच्या मोटरी. टेबलाशी पाठमोरे बसत आणि ती मागून चहा ठेवून जाई. त्या टेबलाला तिने कधी फडकंही मारलं नव्हतं, कारण एकदा मारलं तेव्हा ते दिवसभर एक वॉशर शोधत राहिले होते.

आता ते रोज सकाळी चालत चालत त्या टेबलाशी जात, संगणकावरची चादर बाजूला करत आणि लाल खटका दाबत. आतला पंखा एकदा थरथरून थांबे. ते खटका बंद करत आणि तिथेच बसून राहत. तिने हे पुष्कळ दिवस पाहिलं. मग एका सकाळी खुर्ची ओढून ती शेजारी बसली आणि म्हणाली, मी करते, तुम्ही सांगा. त्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. ती बसून राहिली.

सलिलला हे पटलं नव्हतं. नाशिकहून फोनवर तो म्हणाला, आई, तुझ्या हातातला फोन त्या डब्याच्या हजारपट आहे, आणि करंटबिरंट लागला तर? त्यापेक्षा बाबांना मी नवीन घेऊन देतो. मालिनी म्हणाली, नको.

डबा उघडल्यावर परशुरामांनी प्लग लावायची खूण केली. तिने लावला, खटका दाबला. टक असा आवाज झाला, पंख्याचं पातं किंचित हललं आणि थांबलं. त्यांनी बोट आडवं फिरवलं; तिने प्लग काढला, वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवली. आतली पाटी, म्हणजे सगळे भाग बसवलेला सर्किट बोर्ड, काढायची एवढं तिला आता कळलं होतं. तिने दोन्ही हात आत घातले.

परशुरामांनी तिच्या मनगटावर फटका मारला. साधा नाही, हात टेबलाच्या कडेवर आपटला आणि स्क्रूंची वाटी खाली सांडली.

मालिनी हात छातीशी धरून उभी राहिली. हा माणूस तिरसट होता, घुमा होता, पण त्याचा हात कधी उठला नव्हता. परशुरामांचं तोंड उघडं होतं. त्यातून नुसतीच हवा येत होती. कपाळावरची शीर फुगली होती. मग ते खुर्चीतून उठले, भिंतीला धरत कपाटापर्यंत गेले आणि एक जुना बल्ब घेऊन आले. होल्डरमध्ये बसवलेला, त्यातून दोन मोकळ्या वायरी निघालेल्या. त्या वायरी त्यांनी उघड्या टोकांच्या जरा मागे, डाव्या हाताच्या बोटांत, काड्या धराव्या तशा धरल्या आणि टोकं पाटीखालच्या दोन ठिकाणी टेकवली.

बल्ब भक्कन पेटला आणि विझला.

प्लग निघालेला होता. वायर गुंडाळून ठेवलेली होती. मालिनी बल्बकडे बघत राहिली. तेवढा उजेड तिच्या हातातून जाणार होता.

परशुरामांनी डब्यातल्या दोन जाड, फुगीर नळकांड्यांवर बोट ठेवलं. "ढब्बू," ते म्हणाले. "ढब्बू. भरलेले."

"म्हणजे वीज साठवून ठेवतात," ती म्हणाली. "बंद केल्यावरसुद्धा."

त्यांनी डोळे मिटले. मग तिचं मनगट स्वतःच्या हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि बराच वेळ सोडलं नाही. संध्याकाळी ते सुजलं तेव्हा तिने हळद लावली आणि विचारणाऱ्या सगळ्यांना सांगितलं की फळीवरून डबा पडला.

त्यानंतर डब्याला हात लावण्याआधी दर वेळी ती आधी बल्ब टेकवी. तो पेटला नाही की मगच पुढे.

पाटी बाहेर आली आणि काम तिच्या ओळखीचं निघालं. अलोऱ्याला तिने कितीतरी वर्षं शिवणाचे क्लास घेतले होते. वसाहतीतल्या निम्म्या मुली तिच्या हाताखाली काजं करायला शिकल्या होत्या. डाख म्हणजे धातूचा टाका, एवढं लक्षात आल्यावर भीती गेली. टाका उसवायचा तर कापड ओढायचं नाही, दोरा सैल होऊ द्यायचा. इथे दोऱ्याच्या जागी ताप. सळई टेकवायची, डाख वितळून चकाकली की दुसऱ्या हाताने तो भाग अलगद वर घ्यायचा. परशुरामांना एका हाताने हे जमणारं नव्हतं. ते भिंग धरून बसत, आणि ती चुकायला लागली की त्यांचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागे.

बाहेर जाणाऱ्या वायरींजवळ चार नळकांडी होती. त्यांची डोकी फुगून वर आली होती आणि बुडाशी तपकिरी चिकट ओघळ सुकले होते. ढब्बूच हे, जरा लहान. एकाला उसवताना तिने घाई केली आणि पाटीवरची तांब्याची बारीक पट्टी सालीसारखी सुटून आली.  परशुरामांनी भिंग खाली ठेवलं, एका वायरीचा तुकडा दातांनी सोलला आणि जिथून पट्टी गेली होती तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून दाखवला. रफू.

चार नळकांडी स्टीलच्या डबीत घालून ती रिक्षाने राम आळीत गेली. संदेशचं सुट्या भागांचं दुकान एका बोळात होतं आणि परशुराम त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याने काकांची चौकशी केली, डबी उघडली आणि हसला. मग म्हणाला, काकू, तुम्ही कशाला त्रास घेता, मशीन घेऊन या, मी करून देतो, काकांसाठी एवढं करायला नको का?

 ते सोपं होतं. आठवड्याभरात चालू झालेलं यंत्र टेबलावर आलं असतं.

"ते चालू व्हायला हवंय," ती म्हणाली, "पण आमच्याकडे."

 संदेशने चार नवी नळकांडी काढली आणि दाखवलं की ज्या बाजूला पट्टा असतो ती बाजू उणे. उलट बसवलंत तर फटाका होईल. तिने ती एकेक वळवून पट्टा पाहून घेतला. अस्तराची उलट-सुलट बाजू बघायची सवय होतीच.

याच सुमारास नम्रताने तिला एक गोष्ट सांगितली. सलिलचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी येई. मालिनी फोन परशुरामांसमोर धरी आणि ते तोंड भिंतीकडे फिरवत. मग तीच बोले. बाबा म्हणतायत, जेवलास का. बाबा म्हणतायत, काम फार दिसतंय. त्या दिवशी नम्रता समोरच बसली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, काकू, राग मानू नका, पण त्यांचा शब्द यायच्या आत तुम्ही तुमचा देता. मालिनीला ते लागलं. रात्रंदिवस करायचं आपण आणि वर हे. त्यांना तिष्ठत ठेवणं तिला बघवत नव्हतं, यात चूक काय होती? ती नम्रतासाठी ठेवलेला चहा आत जाऊन पुन्हा गरम करत बसली.

चारही ढब्बू बसले. रफू झालं. परशुरामांनी भिंगातून एकेक टाका तपासला आणि दोन पुन्हा घालायला लावले. मग वायरी यंत्राला जोडल्या, प्लग लावला. खटका दाबायच्या आधी मालिनीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मान हलवून तिलाच दाबायला सांगितलं.

टक. पंखा थरथरला आणि थांबला.

तिने पुन्हा दाबलं. तेच. तिसऱ्यांदा दाबायला गेली तेव्हा परशुराम उठले होते. भिंत धरत ते पलंगापर्यंत गेले आणि कुशीवर वळून आडवे झाले. तिने हाका मारल्या. त्यांनी चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले नाहीत. त्याच्या पुढल्या दिवशीही नाही. नम्रता येऊन गेली, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. जेवण निम्मं टाकलं. सलिल फोनवर म्हणाला, बघ, मी सांगत होतो, उगाच त्यांना आशा लावलीस.  त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण ताट घासून झालं की ती टेबलाशी जाऊन बसे. बल्ब टेकवी, पाटी काढी, भिंग लावी. काय शोधायचं हे तिला ठाऊक नव्हतं. उसवलेलं कुठे दिसत नव्हतं, फुगलेलं काही उरलं नव्हतं. तरी ती एका कोपऱ्यातून सुरुवात करी आणि शिवण तपासावी तशी पाटीच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाई. बसल्या बसल्या मोठ्याने बोलतही असे, पलंगापर्यंत ऐकू जाईल असं. इथे एक पिवळं काहीतरी आहे. हे पट्टेवालं, याचे पट्टे फिकट झालेत. या दोघा ढब्बूंच्या मागे एक पत्रा उभा केलाय, तो तापत असणार.

"पिल्लू," पलंगावरून आवाज आला.

ती वळली. परशुरामांची पाठच होती.

"काय म्हणालात?"

"पिल्लू."

मागच्या पडवीत लाकडांच्या आड मांजर व्यायली होती. ती सकाळपासून ओरडत होती हेही खरं. मालिनी उठून मागे गेली, वाकून पाहिलं. सगळी पिल्लं जागच्या जागी होती. परत येऊन तिने तसं सांगितलं. परशुरामांनी उशीवर मूठ आपटली. "पिल्लू, पिल्लू." आवाजात आता काकुळती होती. त्यांना मन रमवायला हवं असेल, असं वाटून तिने एक करडं पिल्लू पदरात आणलं आणि त्यांच्याजवळ ठेवलं.

परशुराम त्या पिल्लाकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं की कशाचं, तिला कळलं नाही. पिल्लू त्यांच्या निर्जीव हाताच्या बगलेत शिरलं आणि झोपलं. त्यांनी ते काढलं नाही.

ती पुन्हा टेबलाशी आली. पण आता पाटीकडे लक्ष लागेना. उदबत्ती म्हणजे उदबत्ती नव्हती. ढब्बू म्हणजे भाजी नव्हती. हा माणूस तिला झटक्याच्या आधी जितका कळत होता त्यापेक्षा आता अवघड होता आणि तरी एकही शब्द त्याने उगाच उच्चारला नव्हता. ती काय बोलत होती, तेव्हा त्यांनी म्हटलं? ढब्बूंच्या मागे पत्रा उभा आहे, तापत असणार.

तिने भिंग तिथे नेलं. त्या दोन जाड ढब्बूंच्या आणि उभ्या पत्र्याच्या बेचक्यात, आईच्या पोटाशी निजावं तसं एक इवलंसं नळकांडं होतं. करंगळीच्या नखाएवढं. फुगलेलं नव्हतं, ओघळलेलं नव्हतं. वरून पाहिलं तर ठणठणीत. फक्त पत्र्याकडच्या बाजूने त्याचं निळं वेष्टण आक्रसलं होतं.

तिने पाटी उचलली आणि पलंगाशी नेली. टाचणीच्या टोकाने त्या नळकांड्याला स्पर्श केला.

"हे?"

परशुरामांनी डोळे मिटले. बराच वेळ ते उघडलेच नाहीत. मग ते उठून बसले, मांजराचं पिल्लू उशीवर ठेवलं आणि पायांनी चपला चाचपू लागले.

टेबलाशी त्यांनी तिला पुढचं खुणांनी आणि अर्ध्यामुर्ध्या शब्दांनी सांगितलं, आणि सांगायला त्यांना दुपार लागली. मोठे ढब्बू चालत्या गाडीचे. पिल्लू धक्का देणारं. सुरुवातीचा पहिला धक्का देतं आणि बाजूला होतं. पत्र्याच्या उष्णतेने ते वर्षानुवर्षं आतल्या आत वाळत गेलं. धक्का अपुरा पडतो, पंखा थरथरतो, थांबतो. धक्का हा शब्द त्यांना सापडेना तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तिच्या पाठीला मागून हलकेच ढकललं. ती खुर्चीत पुढे झुकली. दोन-तीनदा ढकलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ते हसतायत.

संदेशकडे त्या मापाचं नवं नळकांडं नव्हतं. त्याने आपला भंगाराचा खोका पालथा केला, एका मोडक्या यंत्राच्या पाटीतून एक काढलं, मीटरवर तपासलं आणि तिच्या डबीत टाकलं. काकांनी सांगितलं का हे, असं त्याने विचारलं. मालिनी म्हणाली, त्यांनीच.

घरी आल्यावर तिने ते लगेच बसवलं नाही. हातपाय धुतले, सळईचं टोक ओल्या फडक्याला पुसून चकचकीत केलं आणि बल्ब टेकवला. जागा अरुंद होती, दोन ढब्बूंच्या मधून हात घालायचा होता. जुनं पिल्लू निघालं. नवं बसलं, पट्टा उणेकडे. परशुरामांनी भिंग फिरवलं आणि या वेळी एकही टाका उसवायला लावला नाही.

तिने खटका दाबला. टक असा आवाज झाला, पंख्याचं पातं हललं, अडखळलं, आणि फिरू लागलं. मग इतकं जोरात फिरू लागलं की त्यातली राहिलेली धूळ दोघांच्या तोंडावर आली. यंत्रातून एक बारीक पींप आवाज निघाला. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे वाढत वाढत गेले, कुठेसे थांबले, आणि मग इंग्रजीत एक ओळ उमटली. मालिनीने चष्मा सारखा करून वाचली. यंत्र सांगत होतं की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे, चुकत असेल तर खरी तारीख द्या.

परशुराम वाकून बघत होते. त्यांच्या घशातून आधी एक घरघर आली. तिला वाटलं, ठसका. पण ते हसत होते. खांदे हलवून, तोंड वाकडं होईपर्यंत.

"याला पण," ते पडद्याकडे बोट करून म्हणाले. "याला पण... नाय ठाऊक."

तारीख त्यांनी घातलीच नाही. डाव्या हाताच्या तर्जनीने मोठं बटण दाबलं आणि यंत्र काही न विचारता पुढच्या ओळीवर गेलं.

ते तिथेच बसून होते तेव्हा सलिलचा फोन आला. मालिनीने सवयीने फोन आधी स्वतःकडे धरला आणि मग यंत्राकडे वळवला. पडद्याचा हिरवा उजेड पाहून सलिल फोनच्या अगदी जवळ सरकला. मग त्याचा आवाज लहानपणीसारखा चढला. बाबा, चालू झाला? काय झालं होतं, काय केलंत?

परशुरामांनी हात पुढे केला. मालिनीला क्षणभर कळलं नाही. मग तिने फोन त्यांच्या हातात दिला. झटका आल्यापासून तो त्यांनी पहिल्यांदा स्वतः धरला होता. चेहरा निम्माच दिसत होता, बाकी छत.

"मी नाय," ते म्हणाले. त्यांनी फोन तिच्याकडे वळवला आणि पुन्हा स्वतःकडे. "ही."

"आईने?" सलिल म्हणाला. "पण बिघाड काय होता?"

परशुरामांनी तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले. मालिनी शेजारीच होती. तिला सगळं माहीत होतं. कुठलं नळकांडं, कुठे बसतं, कशाने वाळतं. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. परशुरामांच्या कपाळाची शीर वर आली. पलीकडे सलिलही थांबला होता. यंत्राचा पंखा फिरत होता आणि त्याखेरीज खोलीत आवाज नव्हता.

"पि..." ते म्हणाले. "पिल्लू."

"पिल्लू?" सलिलने विचारलं.  मग तो हळू आवाजात म्हणाला, "आई, बाबा काय म्हणतायत गं?"

मालिनीने वाटीतले स्क्रू आपल्या ओंजळीत घेतले आणि त्यातला गंजलेला वेगळा काढू लागली.

"त्यांनाच विचार," ती म्हणाली.